अवजारांची खोली

इस्पितळाच्या धुलाईखान्यात त्यांना सगळे इस्त्रीबाई म्हणत, आणि निवृत्त होऊन इतका काळ लोटला तरी ते नाव काही सुटलं नाही. खरं तर त्यांनी तिथे इस्त्री कधी हातात धरली नव्हती. ते काम हाताखालच्या बायकांचं. पण कुणाच्या बोलण्यात जराशी चुणी दिसली की बाई तिच्यावरून अशी जीभ फिरवत की समोरचा माणूस सपाट होऊनच बाहेर पडे. एकदा मोठे डॉक्टर चादरीवरच्या डागाची तक्रार घेऊन आले. बाई म्हणाल्या, "चादर आमच्याकडून पांढरी गेली होती. तिच्यावर निजवलेलं माणूस तुमचं होतं." त्यानंतर डॉक्टर धुलाईखान्याकडे फिरकले नाहीत. बाईंच्या मते जगात कामाची माणसं फार थोडी होती, आणि त्यांतली बरीचशी वारली होती.

अशा बाईंच्या धाकट्या बहिणीची मुलगी कॉलेजात होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिने जमिनी राखणाऱ्या एका संस्थेत इंटर्नशिप धरली आणि मोठ्या कौतुकाने मावशीला सांगायला आली.

"म्हणजे नोकरी लागली?"

"नोकरी नाही गं मावशी, इंटर्नशिप."

"पगार?"

"अनुभव मिळतो."

"अनुभव काय, तो लग्नातसुद्धा मिळतो," बाई म्हणाल्या. "आणि ही संस्था करते काय?"

भाचीने समजावून सांगितलं. ज्याची जमीन असेल त्याने संस्थेशी कायमचा करार करायचा, की या जमिनीवर इमारत उठणार नाही, तिचे तुकडे पडणार नाहीत, ती आज जशी आहे तशीच राहील. मालकी मालकाचीच. तो मेला, त्याने विकली, मुलांनी वाटून घेतली, तरी करार जमिनीच्या पाठीला बांधलेलाच. आणि संस्थेची माणसं दरवर्षी येऊन सगळं जागच्या जागी आहे ना ते बघून जाणार.

"का?" बाईंनी विचारलं. "जमीन पळून चालली होती?"

तर त्या संस्थेचं कार्यालय होतं न्हाणीघराच्या फरशा विकणाऱ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. खाली दिवसभर फरशी कापायचं यंत्र किंचाळायचं. वर भिंतींवर गवताचे मोठमोठे फोटो, कोपऱ्यात एक प्लॅस्टिकचं झाड आणि मध्यभागी संचालक. हे गृहस्थ रुंद काठाची टोपी घालत. उन्हात घालत ते ठीक. पण ते ती पंख्याखालीही घालत. बाईंनी त्यांचं नाव लगेच 'टोपी' ठेवलं. टोपी दिसेल त्या गोष्टीला "किती सुंदर" म्हणत. दगड असो, डबकं असो, वाळकं शेण असो. रोज सकाळी कामाला लागण्याआधी सगळ्यांनी डोळे मिटून मातीचा आवाज ऐकायचा, असा त्यांचा दंडक होता. त्यासाठी आधी खिडक्या घट्ट लावाव्या लागत, नाहीतर फरशीचाच आवाज ऐकू यायचा. भाचीला पहिल्याच दिवशी काम मिळालं ते त्या प्लॅस्टिकच्या झाडाची धूळ पुसायचं. पृथ्वी राखणाऱ्यांच्या घरात एवढंच एक झाड, आणि त्यालाही पाणी घालायचं नव्हतं.

मग सगळ्या इंटर्न मुलांना ओढ्याकाठी नेलं. तिथे एक काटेरी झुडूप माजलंय, ते परकं आहे, ते मुळापासून उपटा, असं टोपींनी सांगितलं. पोरांनी हात सोलून घेत सगळा काठ साफ केला. शेवटी टोपींनी सावकाश पुस्तक उघडलं, तेव्हा कळलं की जपायचं झुडूप ते हेच. मग उपटलेली झुडपं परत लावायला सांगितली. ती अर्थातच मेली. भाचीकडून अहवालात लिहून घेतलं गेलं, 'नैसर्गिक घट'.

"बरोबर लिहिलंय," बाई म्हणाल्या. "त्याच्या डोक्यात झालीय ती नैसर्गिकच आहे."

हे सगळं बोलणं व्हायचं बाईंच्या जमिनीवर. गावाबाहेर, बसच्या शेवटच्या थांब्यापलीकडे, एका उताराचा तुकडा बाईंच्या नावावर होता. गवत, चारदोन जुनी झाडं, खालच्या अंगाला ओढा. पगारातून मागे टाकून टाकून त्यांनी तो घेतला, तेव्हा तिथे कुत्रंही फिरकत नव्हतं. नवरा म्हणाला होता, "दगड विकत घेतलेस." बाई म्हणाल्या होत्या, "एक घरात होताच, आता जोडी झाली." नवरा गेला, दगड राहिले, आणि बघता बघता शहर त्यांच्या दिशेने सरकत आलं. उताराच्या वरच्या टोकाला बाईंनी पत्र्याची एक खोली बांधली होती. संस्थेच्या राखणीतलं, मुलांना कामाला नेत ते कुरण तिथून जवळच. भाची काम संपवून सायकलवरून यायची, खोलीच्या पायरीवर बसायची आणि दिवसभराची फजिती सांगायची. बाई आत जाऊन चहा घेऊन यायच्या आणि दार मागे ओढून घ्यायच्या. आत ये असं मात्र त्या भाचीला कधी म्हणाल्या नाहीत.

"आत काय आहे गं मावशी?"

"अवजारं."

अवजारांच्या खोलीतून गरम चहा कसा येतो, हे भाचीने विचारलं नाही. पोरगी संस्थेत जाऊन अगदीच बिघडली नव्हती.

आता त्या खोलीत काय होतं ते सांगायलाच हवं, कारण बाई स्वतःहून सांगणाऱ्यांतल्या नव्हत्या. खोलीत बाई राहत होत्या.

मुलाचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. बाईंना तिथे एक खोली होती, चांगली उजेडाची. सून घरून शिकवण्या घ्यायची, संगणकावर. "आई, तुमच्या खोलीत उजेड छान आहे, फक्त क्लासपुरतं बसू का?" असं तिने गोड आवाजात विचारलं, आणि बाई हो म्हणाल्या. क्लास वाढले. बाईंच्या पलंगामागे पुस्तकांच्या कपाटाचं चित्र असलेला पडदा आला. एकदा बाई न्हाऊन डोक्याला पंचा गुंडाळून त्या पडद्यासमोरून गेल्या, तर संगणकातली सगळी पोरं खिदळली. सूनही हसली. दुसऱ्या दिवशी दाराला एक चिठ्ठी लागली, एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने हिरवी. लाल असली की आत यायचं नाही. दिवसेंदिवस ती चिठ्ठी लालच राहू लागली. बैठकीच्या खोलीत मुलगा लॅपटॉप मांडून बसे आणि फोनवर परदेशातल्या माणसांशी बोले. स्वयंपाकघरात दोन उंच स्टुलं होती. त्यांच्यावर चढायला बाईंचे गुडघे तयार नव्हते. घरात कुणी कधी त्यांना जा म्हटलं नाही. उलट येताजाता मुलगा म्हणायचा, "आई, बस ना," आणि सून म्हणायची, "आई, बसा ना." बसायला जागा नव्हती एवढंच.

बाई जमिनीवर जायला लागल्या. आधी गवत काढायला म्हणून. मग दुपारच्या सावलीला. मग शेगडी आली, आरसा आला, खिडकीला फुलाफुलांचा पडदा आला. मग एखादी रात्र. घरी सांगायचं, बहिणीकडे जाते. बहिणीला काहीच सांगायचं नाही. पुढे पुढे एखाद्या रात्रीच्या बऱ्याच रात्री झाल्या. तिथे त्या हवं तेव्हा उठायच्या, हवं तेव्हा खोकायच्या, पाय पसरून बसायच्या आणि ओढ्यापलीकडून जाणाऱ्या माणसांना मनसोक्त नावं ठेवायच्या. दाराला चिठ्ठी नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कुणाच्या तरी अंगावरून वाट काढावी लागत नव्हती.

मग सांगायचं ना सरळ, असं कुणी म्हणेल. पण सांगणार कोणत्या तोंडाने? धुलाईखान्यात दुपारच्या सुट्टीत म्हाताऱ्या बायका सुनांची रडगाणी गायच्या, तेव्हा हसणारी पहिली कोण असायची? "स्वतःच्या घरात जिला एक खुर्ची मिळवता येत नाही, तिने तोंड उघडू नये," हे वाक्य बाईंचंच. एकीला तर त्यांनी इतकं लागेल असं बोलून घेतलं होतं की ती पुढे डबा वेगळा बसून खायला लागली. असं बोलून बसलेल्या बाईने आता काय करायचं? पत्र्याच्या खोलीला कुलूप घालायचं आणि जगाला अवजारं सांगायची.

त्यात मुलाने जमिनीचं काढलं. वाईट बोलला नाही. वाईट बोलला असता तर बाईंनी त्याला तिथल्या तिथे सपाट केलं असता. तो गोड बोलायचा. "आई, नुसती पडून आहे. एक बिल्डर विचारतोय. तुझ्याच नावाने काहीतरी चांगलं करू." आज नको म्हटलं की उद्या परत, तितकंच गोड. बाई कुणाला भीत नसत, पण रोजच्या गोडव्याला भ्यायल्या. मेणबत्तीसुद्धा एका दिवसात वाकत नाही, रोज उन्हात ठेवली की वाकते. आपण एक दिवस दमून हो म्हणू, हे त्यांना दिसायला लागलं. म्हणजे जमीन आपल्या हाताच्याही बाहेर ठेवायला हवी.

आणि तसं ठेवणारी माणसं त्यांना ठाऊक होती. कंबरेत वाकून झुडपं उपटणारी आणि परत लावणारी. अडला हरी गाढवाचे पाय धरी, असं स्वतःशीच म्हणत बाईंनी एका संध्याकाळी भाचीला सांगितलं, "तुझ्या त्या टोपीला पाठवून दे."

टोपी आले, भाची वही आणि कॅमेरा घेऊन मागे. "किती सुंदर," ते फाटकाला म्हणाले. मग पायवाटेला म्हणाले. मग बाईंकडे वळून, "मावशी, तुम्ही आमच्यासाठी आदर्श आहात," असं म्हणाले. मी या माणसाची मावशी कधी झाले, याचा विचार करण्यात बाईंचा बराच वेळ गेला, आणि नेमक्या त्याच वेळात टोपींनी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगून टाकली. करारापूर्वी 'पहिली नोंद' होते. त्या दिवशी जमिनीवर जे जे आहे, झाड, वाट, कुंपण, खोली, ते सगळं फोटोसह लिहून घ्यायचं. खोली असेल तर ती कशासाठी वापरतात तेही लिहायचं. पुढे सगळं त्या नोंदीवर चालणार. नोंदीत जे आहे ते राहील, नाही ते येणार नाही, आणि ज्या वस्तूचा जो वापर लिहिला तोच तिचा वापर, करार आहे तोवर. करार तर कायमचा.

बाई टोपीच्या काठावर चढणारी मुंगी बघत होत्या.

"मावशी, या खोलीत काय?" भाचीने वही उघडून विचारलं.

"अवजारं. किती वेळा सांगू?"

"आतला एक फोटो घ्यावा लागेल."

"किल्ली घरी राहिली."

किल्ली बाईंच्या बटव्यात होती. भाची फोटोसाठी खिडकीपाशी गेली आणि जराशी थबकली.

"अवजारांना पडदा?" तिने हळूच विचारलं.

"उन्हाने गंजतात."

टोपी म्हणाले, अवजारांची एवढी काळजी घेणारं माणूस त्यांनी पाहिलं नव्हतं. किती सुंदर. भाचीने खाली मान घालून लिहिलं: पत्र्याची खोली, वापर अवजारे ठेवण्यासाठी.

त्या संध्याकाळी ती परत आली, एकटी. पायरीवर बसली. चहा घेतला नाही.

"मावशी, मला खरं नको सांगूस. फक्त ऐक. अवजारांची खोली लिहिली म्हणजे तिथे कुणाला राहता येत नाही. झोपायचं नाही, शेगडी पेटवायची नाही. राहण्याची खोली लिहिली तर चालतं, आत्ता आहे ते चालतं. पण ते सही व्हायच्या आधी. एकदा सही झाली की मग मीसुद्धा काही करू शकणार नाही."

"मग? कोण राहणार आहे इथे? कुदळ?"

"मावशी."

"आणि समज राहिलंच कुणी. वर्षातून एकदा येणार ना तुमची वरात? त्या दिवशी शेगडी झाडामागे. ज्या माणसाला उपटायचं काय आणि लावायचं काय ते कळत नाही, तो मला पकडणार होय? तू अभ्यास कर तुझा."

"राहण्याची लिहायची तर आतला फोटो लागतो," भाची म्हणाली. "आणि सहीच्या दिवशी नोंद सगळ्यांसमोर वाचतात. दादा-वहिनीसमोर पण."

"म्हणूनच अवजारं," असं बाईंच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण त्या म्हणाल्या, "दिवे लागायची वेळ झाली. आई वाट बघत असेल." भाची गेली. बाईंनी दार लावून घेतलं आणि त्या रागाने शेगडी घासत बसल्या, जिच्यावर काहीच सांडलं नव्हतं.

सही जमिनीवरच करायची, ही टोपींची आणखी एक हौस. वर घरच्यांना घेऊन करायची. जमीन बाईंची, सही बाईंची, तरी मुलगा आणि सून हजर हवे. संस्था म्हणे कुटुंब जोडते. झाडाखाली प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या. इंटर्न मुलं ओळीने गवतात बसली, कारण उन्हाळा संपत आला होता आणि त्यांना समारोपाचा फोटो हवा होता. मुलगा चांगला शर्ट घालून आला. कराराचं कळल्यावर त्याने लढाई सोडून दिली होती, आणि हरलेला माणूस निदान मोठ्या मनाचा दिसावा, म्हणून तो सगळ्यांशी हसून बोलत होता. सुनेने बाईंसाठी घरून पाण्याची बाटली आणली होती. तिने ती उघडूनही दिली. ती वाईट मुलगी नव्हती, हे बाईंनाही मान्य होतं, आणि त्यामुळेच तिच्याबद्दल कुठे काही बोलता येत नव्हतं.

आधी सगळ्यांनी मातीचा आवाज ऐकला. बाईंनी डोळे उघडे ठेवून ऐकला. मग भाची उभी राहून नोंद वाचू लागली. झाडं झाली, वाट झाली, कुंपण झालं. "पत्र्याची खोली," ती म्हणाली, आणि तिचा आवाज जरा खाली गेला. "वापर, अवजारे ठेवण्यासाठी."

"एक विचारू का?" मुलगा म्हणाला. "ही खोली काढूनच टाकली तर? आता जमीन राखायचीच आहे तर नीट राखू ना. हे पत्र्याचं डबडं कशाला मधे?"

टोपींचा चेहरा असा खुलला की टोपीही जरा वर सरकली. मालकाच्या घरूनच अशी सूचना येणं त्यांच्या कारकिर्दीत झालं नव्हतं. "किती सुंदर," ते म्हणाले. "आमची मुलंच उद्या उतरवतील. समारोपाचा कार्यक्रमच तो. जमीन मोकळी होईल." गवतातल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. वर्षभर वर्गात बसून पत्रा उचकटायचं भाग्य त्यांच्या वाट्याला आलं नव्हतं.

"अवजारं कुठे ठेवू?" बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच बारीक वाटला.

"घरी बाल्कनीत ठेवू, मी करतो जागा," मुलगा म्हणाला. "नाहीतरी तुला इथे उन्हातान्हात यायची काय गरज आहे, आई? घरी तुला काय कमी आहे?"

"हो ना," सून म्हणाली. "तुम्ही आता घरीच बसा ना, आई."

सगळे बाईंकडे बघू लागले. धुलाईखान्यातली एखादी बाई तिथे असती तर तिने श्वास रोखला असता, कारण अशा वाक्यावर इस्त्रीबाई काय करतात हे तिला माहीत होतं. बाईंनी तोंड उघडलं. मुलाला लावायचं उत्तर तयार होतं, सुनेला लावायचं तयार होतं, टोपीसाठी तर कितीतरी साठवून ठेवलेली होती. पण त्यांतलं एकही बोलून खोली वाचत नव्हती. अवजारांची खोली कुणालाही पाडता येते. तिच्यावर रडायला कोण बसतं? आणि ती अवजारांची खोली त्यांनीच करून ठेवली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. डबा वेगळा घेऊन बसणारी ती बाई त्यांना आठवली. तिला आपण किती हसलो होतो. आता तिच्या शेजारी जाऊन बसायचं होतं, आणि तेही इतक्या लोकांसमोर, एका टोपीसमोर.

भाची वहीत पेन टेकवून उभी होती. "मावशी," ती म्हणाली, "खोडू का?"

तिने बाकी कुणालाच काही सांगितलं नव्हतं. सांगू शकली असती.

"खोडू नकोस," बाई म्हणाल्या. "म्हणजे खोड. अवजारं खोड. तिथे मी राहते."

"राहतेस म्हणजे?" मुलगा हसला. "दुपारी जरा टेकतेस, ते..."

"राहते. झोपते, उठते, चहा करते. बहिणीकडे जाते म्हणून सांगते ना तुम्हाला, तेव्हा इथेच असते. तिला विचार. आणि ते बसा ना, बसा ना जरा थांबवा आता. कुठे बसू? मला तुमच्या घरात बसायला जागा नाही, म्हणून मी इथे येते. मला इथे बरं वाटतं. हे मला सांगायचं नव्हतं, मेले तरी सांगायचं नव्हतं, पण ही खोली पाडलीत तर मी जाऊ कुठे?"

एवढं सरळ, एवढं बिनइस्त्रीचं बोलणं बाईंच्या तोंडून आजवर कुणी ऐकलं नव्हतं. टोपींनी टोपी काढली. आत टक्कल नव्हतं, चांगले दाट केस होते. म्हणजे ती टोपी उगाचच होती. ते काहीतरी म्हणायला गेले, बहुधा तेच दोन शब्द, पण बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते शब्द त्यांनी गिळले. या माणसाला गप्प बसता येतं हे बाईंना तेव्हाच कळलं.

बाईंनी बटव्यातून किल्ली काढली आणि खोलीचं दार सताड उघडलं.

"ये," त्या भाचीला म्हणाल्या. "काढ फोटो."

भाची पहिल्यांदाच उंबऱ्याच्या आत गेली. खाट होती, खाटेवर नीट घातलेली चादर, तिच्या कडा इस्पितळासारख्या चारी बाजूंनी आत खोचलेल्या. शेगडी, आरसा, एक कप. एक खुर्चीही होती, हातांची, चांगली ऐसपैस. कोपऱ्यात एक कुदळ उभी होती. एवढ्यापुरतं बाई खोटं बोलल्या नव्हत्या. भाचीने सगळ्याचे फोटो काढले. नाक ओढत काढले, पण एकही हलला नाही.

"काय लिहू?" तिने विचारलं.

"राहण्याची खोली. राहणारी एक. आणि लिही की ती भांडकुदळ आहे, पाहणीला येताना सांगून यावं."

"तसं लिहिता येत नाही, मावशी."

"मग तुमच्या नोंदीला काय अर्थ आहे."

सून दारापर्यंत आली आणि तिथेच उभी राहिली. आत येऊ की नको, हे तिला कळेना; दाराला चिठ्ठी नव्हती. मुलगा मात्र आत आला. त्याने आरसा पाहिला, पडदा पाहिला. मग तो खाटेपाशी गेला आणि चादरीचा कोपरा उचलून खालचं निळ्या पट्ट्यांचं कापड बघत राहिला.

"ही आपल्या घरातली गादी आहे," तो म्हणाला. "तुझ्या पलंगावरची."

"हो."

"मग घरी कशावर झोपतेस?"

"फळीवर. दुलई दुमडून."

"आणि ही इथे कधी आणलीस? आम्हाला कुणाला कसं दिसलं नाही?"

"गेल्या हिवाळ्यात," बाई म्हणाल्या. त्यांनी त्याच्या हातातून चादरीचा कोपरा काढून घेतला आणि परत खोचला. "भर सकाळी आणली. वळकटी करून, डोक्यावर घेऊन. तू दारात उभा राहून फोनवर बोलत होतास. मी म्हटलं, जरा बाजूला हो. तू झालास."